ठेव टेबलावर

परळच्या त्या कॉलेजात
शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये बारा टेबलं होती.
एका टेबलाला सहा विद्यार्थी.
आमच्या टेबलाला तीन :
मी, वत्सला तांबे, डिलाइल रोडच्या चाळीतली,
रेवजी खैरे, आणि औरंगाबादहून आलेला लहानू गायसमुद्रे.
बाकी तिघांनी डीनकडे अर्ज दिले होते,
फॉर्मालिनचा वास सहन होत नाही म्हणून.
वास बाराही टेबलांना होता.

पहिल्या तासाला सर म्हणाले, इथे जात नसते,
मेलेल्याला कसली जात.
सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.
मी चादर बाजूला केली
तर टाचांना भेगा, तळहाताला घट्टे,
खांद्यावर ओझ्याचा जुना खड्डा.
बेवारस, पुरुष, वय अंदाजे चाळीस.
मी बाराही टेबलं फिरून आले.
एकही तळहात मऊ नव्हता.
मऊ तळहातांना वारस असतात.

जीवाभाई हॉलचा शिपाई.
त्याचा आजोबा काठियावाडातून
म्युनिसिपालिटीची टोपली उचलायला आलेला.
पगाराच्या कागदावर अंगठा,
आणि मानेतली नस शोधण्यात सरांच्याही पुढे.
सगळे गेले की हळूच म्हणायचा,
‘इथे नाय बेन, जरा खाली. ती लाजते.’

गुरुवारी रात्री आम्ही त्याच्या खोलीत जमायचो.
सात जणांत एकच जाडं पुस्तक,
शिवण उसवून वाटून घेतलेलं.
लहानूकडे पोट, रेवजीकडे हातपाय,
माझ्याकडे डोकं आणि मान.
स्टोव्हवर चहा, आणि वाद :
देव, रशिया, स्कॉलरशिपचा अडकलेला हप्ता.
रेवजी म्हणाला, सार्टोरियस म्हणजे शिंपी,
मांडीत बसलाय.
मी म्हटलं, बक्सिनेटर तुतारी फुंकणारा, गालात.
‘म्हणजे इथेही बलुतेदार!’ लहानू ठसका लागेस्तोवर हसला.
माझे आजोबा दुसऱ्यांच्या लग्नात सनई फुंकत,
मांडवाच्या बाहेर बसून.
त्या रात्री मी वहीत लिहिलं :
वाजंत्री. जागा तोंडाच्या भिंतीत.
आत.

करंदीकर सर तोंडी परीक्षेत
आमच्या हातून हाड घेत नसत.
‘ठेव टेबलावर,’ म्हणत, आणि मग उचलत.
मेलेल्याचं हाड चालायचं.
मध्ये आमचा हात नको.

ठेवायचं नाही, असं एका गुरुवारी ठरलं.
घोषणा नाही, निवेदन नाही.
फक्त ठेवायचं नाही.
जीवाभाई स्टोव्हला पिन मारत होता.
मान वर न करता म्हणाला,
‘जड टोक आपल्याकडे धरा. हात लवकर भरून येतो.’

मार्च महिना. मांडीचं हाड.
‘ठेव टेबलावर.’
‘डाव्या बाजूचं आहे, सर,’ मी म्हटलं
आणि हात पुढेच ठेवला.
पंखा फिरत राहिला.
भिंतीवरचं घड्याळ एरवी ऐकूच यायचं नाही.
पलीकडच्या टेबलाशी रिबेका नागावकर,
जिच्या घरच्यांना अलिबागकडे शनिवार तेली म्हणत,
तळहातावर मणका घेऊन उभी होती.
तिचं हाड सर नेहमी हातातून घेत.
तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.
तिनं मूठ मिटली.

अकरा मिनिटं.

रेवजी, मी आणि रिबेका,
तिघांच्या निकालावर लिहून आलं : अनुपस्थित.
लहानूनं ठेवलं होतं.
त्याच्या आईला महिन्याला बावीस रुपये पाठवावे लागत.
गुरुवारी तो येईल असं वाटलं नव्हतं.
तो आला, पोटाची सगळी पानं घेऊन,
दाराशी चपला काढत बराच वेळ उभा राहिला.
जीवाभाईनं कपात चहा ओतला
आणि कप जमिनीवर न ठेवता
तसाच धरून राहिला,
त्यानं घेईपर्यंत.

आता लोक विचारतात, शेवटी सरांनी हाड घेतलं का.
मी सांगते, उजवा खांदा अजून दुखतो,
पहाटे जास्त.
घाईत मी जड टोक
त्यांच्याकडे धरलं होतं.